वाचकांचे प्रश्न : मळी, गूळ आणि उशिरा सेट होणारे काँक्रीट

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात लहान घरांच्या बांधकामाची कामे घेतो. एप्रिल-मे महिन्यांत मिक्सरमधून काढलेले काँक्रीट स्लॅबच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत घट्ट होऊ लागते आणि मजूर वरून पाणी ओततात. साखरेमुळे सिमेंट उशिरा सेट होते असे ऐकले आहे. साखर कारखान्याची मळी, म्हणजे साखर काढल्यावर उरणारा दाट पाक, रिटार्डर (सेट होणे लांबवणारा पदार्थ) म्हणून वापरता येईल का, आणि गोणीमागे किती घालावी?

उत्तर : मळीतील साखर सिमेंटला थांबवते, यात शंका नाही. अडचण आहे ती ‘किती घालावी’ या तुमच्या दुसऱ्या प्रश्नात, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

शुद्ध साखरेचे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या 0.05 टक्के ठेवले, तर काँक्रीट सेट होण्यास साधारण चार तासांचा उशीर होतो. 50 किलोच्या गोणीमागे हे प्रमाण 25 ग्रॅम, म्हणजे चहाचे सुमारे पाच चमचे एवढेच भरते. हेच प्रमाण 0.2 टक्क्यांच्या पुढे, म्हणजे गोणीमागे 100 ग्रॅमच्या वर गेले, तर ते काँक्रीट व्यवहारात सेटच होत नाही. हवा तो परिणाम आणि पूर्ण नुकसान यांच्यात एवढेच अंतर आहे; गोणीमागे मूठभर साखर जास्त पडली तरी ते ओलांडले जाते. लहान बांधकामावर एवढ्या बारीक मापाने मोजला जाणारा दुसरा पदार्थ सहसा नसतो, आणि हे माप बहुतेक ठिकाणी डब्याने किंवा ओंजळीनेच होते.

मळीत तर साखरेचे प्रमाणही निश्चित नसते. तिच्या वजनाच्या साधारण निम्मा भाग साखरेचा असतो आणि त्यात न निघालेल्या सुक्रोजबरोबर ग्लुकोज व फ्रुक्टोजही असतात. बाकीचे पाणी, क्षार आणि इतर सेंद्रिय द्रव्ये. हे प्रमाण कारखान्यागणिक, उसाच्या जातीगणिक आणि हंगामाच्या टप्प्यागणिक बदलते. शिवाय इथेनॉलसाठी आता अनेक कारखाने ‘बी-हेवी’ मळी, म्हणजे सगळी साखर काढून घेण्याआधीच वेगळी केलेली मळी, काढतात आणि तिच्यात शेवटच्या ‘सी-हेवी’ मळीपेक्षा साखर बरीच जास्त असते. त्यामुळे गेल्या वर्षी एका पिंपातून घेतलेले माप या वर्षीच्या पिंपाला लागू पडेलच असे नाही. निम्मी साखर धरून हिशेब केला, तर गोणीमागे सुमारे 50 ग्रॅम, म्हणजे जेमतेम 35 मिलिलिटर मळी लागते. एवढा चिकट पदार्थ थेट मिक्सरमध्ये ओतला तर तो पात्याला नाहीतर खडीला चिकटून बसतो आणि स्लॅबमध्ये काही जागा नीट सेट झालेल्या, तर काही चार दिवसांनंतरही मऊ राहिलेल्या आढळतात.

साखर हे कसे करते, हे समजले की मापाचा एवढा आग्रह का, तेही कळते. सिमेंटमध्ये पाणी पडताच त्यातील कॅल्शियम सिलिकेटे विरघळू लागतात आणि काही वेळाने नव्या संयुगांचे सूक्ष्म कण तयार होऊन वाढू लागतात. हे कण एकमेकांत गुंतत जातात, तेव्हा काँक्रीट सेट होते. साखरेचे रेणू या नव्याने जन्मणाऱ्या कणांच्या पृष्ठभागावर चिकटतात आणि त्यांची वाढ रोखून धरतात. साखर थोडी असेल, तर ती हळूहळू त्या संयुगांतच अडकून संपते आणि क्रिया पुन्हा वेग घेते. तीच जास्त असेल, तर सिलिकेटांची क्रिया जवळजवळ बंद पडते. सिमेंटमधील दुसरा घटक असलेल्या ॲल्युमिनेटाचे वागणे मात्र वेगळे असते, कारण साखरेमुळे त्याची क्रिया काही परिस्थितींत उलट लवकर होते. म्हणून प्रमाण चुकलेले मिश्रण कधी कधी पटकन आवळून आल्यासारखे दिसते, मिस्त्रीला ते सेट झाले असे वाटते, आणि प्रत्यक्षात त्यात ताकद अजिबात आलेली नसते.

सिमेंट कारखान्यातून येते तेव्हाच त्यात एक रिटार्डर मिसळलेला असतो, ही गोष्ट अनेकदा लक्षात घेतली जात नाही. क्लिंकर (भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे) दळताना घातलेले जिप्सम हे ॲल्युमिनेटाची तात्काळ क्रिया रोखण्यासाठीच असते. ते नसते तर पाणी घातल्यावर काही मिनिटांतच सिमेंटचा दगड झाला असता. भारतीय मानक 269 नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटचा सुरुवातीचा सेटिंग टाइम किमान 30 मिनिटे आणि अंतिम सेटिंग टाइम कमाल 600 मिनिटे असावा लागतो. ही चाचणी प्रयोगशाळेत 27 अंश सेल्सियसच्या आसपास होते. मे महिन्यात उन्हात तापलेली खडी आणि लोखंडी टाकीतले गरम पाणी वापरले, तर तेवढ्या वेळाची खात्री राहत नाही.

आता मूळ तक्रारीकडे येतो, कारण माझ्या मते तुमचा रोग वेगळा आहे. मिक्सरपासून स्लॅबच्या टोकापर्यंत पाटी पोचायला पंधरा-वीस मिनिटे लागत असतील, तर तेवढ्यात काँक्रीट सेट होत नसते; कोरडी, तापलेली खडी आणि क्रश सँड त्यातले पाणी शोषून घेतात आणि उरलेले वाऱ्याने उडते. याला स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा, कमी होणे म्हणतात आणि रिटार्डर त्यावर हमखास इलाज नव्हे. उलट सेट होणे लांबले, की काँक्रीट ओले आणि कमजोर राहण्याचा काळ वाढतो, पृष्ठभागावरचे पाणी उडत राहते आणि अंतिम फिनिश होण्याआधीच स्लॅबवर जाळीसारख्या भेगा उमटण्याची शक्यता वाढते. भारतीय मानक 7861 मध्ये 40 अंशांपेक्षा जास्त तापमानातील काँक्रीटसाठी दिलेल्या उपायांत मळीची कुठेही गरज पडत नाही. खडीवर आदल्या संध्याकाळपासून पाणी शिंपडावे आणि ती सावलीत ठेवावी, टाकी झाकावी, शक्य तिथे पाण्यात बर्फ घालावा, सेंटरिंगच्या फळ्या ओल्या कराव्यात, स्लॅबचे काम पहाटे सुरू करावे आणि फिनिश झाल्याबरोबर ओली पोती किंवा प्लॅस्टिक अंथरावे. मजुरांना वरून पाणी ओतू देऊ नये, एवढे एक पथ्य पाळले तरी स्लॅबच्या ताकदीत मोठा फरक पडेल.

तरीही मळी वापरून पाहायचीच असेल, तर ती एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली वापरावी. मळी वजन करून घ्यावी, पाण्यात पूर्ण विरघळवावी आणि ते पाणी मिश्रणाच्या एकूण पाण्यातून वजा करावे. पातळ केलेली मळी उन्हाळ्यात लवकर आंबते आणि तिच्यातली साखर कमी होत जाते, म्हणून रोजच्या रोज नवे द्रावण करावे. द्रावण सुरुवातीच्या पाण्याबरोबर घातले काय आणि मिक्सर एक-दोन मिनिटे फिरल्यावर घातले काय, याने परिणामात लक्षणीय फरक पडतो. नंतर घातलेल्या साखरेचा परिणाम अधिक होतो, म्हणून जी पद्धत चाचणीत असेल तीच कामावर ठेवावी. सिमेंटचा ब्रँड बदलला की चाचणी नव्याने करावी, कारण ॲल्युमिनेट आणि अल्कली कमी असलेल्या सिमेंटवर तेच प्रमाण जास्त उशीर करते. रिटार्डरने सुरुवातीच्या सेटिंगला किमान एक तास आणि कमाल तीन तास उशीर करावा, असे भारतीय मानक 9103 सांगते. तुमच्या मिश्रणाने या मर्यादेत राहून 3, 7 आणि 28 दिवसांच्या क्यूबची (चाचणीसाठी ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची) ताकद साध्या मिश्रणाच्या बरोबरीने दिली, तरच पुढे जावे. पहिल्या एक-दोन दिवसांत ताकद कमी दिसली तर तेवढ्याने घाबरू नये. योग्य प्रमाणात साखर असेल तर आठवड्यानंतर ती भरून निघते, कधी थोडी जास्तही मिळते.

मळीतल्या क्लोराइडने सळई गंजेल अशी भीती काही जण व्यक्त करतात. एका घनमीटर काँक्रीटमध्ये सुमारे 300 ग्रॅम मळी गेली, तर तिच्यातून येणारे क्लोराइड काही ग्रॅमच असते, आणि लोखंडी सळईच्या काँक्रीटसाठी भारतीय मानक 456 मधली मर्यादा घनमीटरमागे 0.6 किलोची आहे, तेव्हा ती चिंता बाजूला ठेवता येईल. कायद्याची बाजू मात्र विसरू नये. मळीचा साठा आणि वाहतूक यांवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण असते, म्हणून ‘सहज मिळते’ म्हणून परवान्याशिवाय पिंप उचलून आणणे महागात पडू शकते.

प्रश्न : पाणी साठवण्यासाठी आम्ही गुऱ्हाळावरून जुनी प्लॅस्टिकची पिंपे विकत घेतली. ती नीट धुतली नव्हती. त्यांतले पाणी वापरलेला स्लॅबचा एक कोपरा तिसऱ्या दिवशीही नखाने उकरला जातो. बाकीचा स्लॅब चांगला आहे. तो कोपरा लगेच फोडून काढावा का? — कोल्हापूर जिल्ह्यातून

उत्तर : लगेच फोडू नये. पिंपात किती काकवी उरली असेल, याचा आधी अंदाज घेऊ. 200 लिटरच्या पिंपातले पाणी साधारण सात-आठ गोण्यांना पुरते. गोणीमागे 100 ग्रॅम साखरेची धोक्याची पातळी गाठायला पिंपात पाऊण किलो साखर, म्हणजे जवळजवळ लिटरभर काकवी असावी लागते. तळाला आणि कडांना चिकटलेला थर बहुधा त्यापेक्षा कमी असतो. तसे असेल, तर तुमचे काँक्रीट मेलेले नसून थांबलेले आहे, आणि ते आणखी काही दिवसांत पकड घेण्याची चांगली शक्यता आहे.

मधल्या काळात तो कोपरा सुकू देऊ नका. सिमेंटची क्रिया पुन्हा सुरू होईपर्यंत त्यातले पाणी उडून गेले, तर साखरेचा परिणाम ओसरल्यावरही ताकद येणार नाही, आणि अशा प्रकरणांत खरे नुकसान बहुतेक वेळा इथेच होते. ओली पोती टाकून त्यांवर प्लॅस्टिक झाकावे, पाण्याची धार सोडू नये, त्या भागावर चालणे आणि साहित्य ठेवणे बंद करावे. साध्या सिमेंटच्या 4.5 मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस ठेवावेत असे भारतीय मानक 456 सांगते. तुमच्या स्लॅबसाठी हे दिवस काँक्रीट ओतल्यापासून न मोजता तो कोपरा प्रत्यक्ष घट्ट झाल्यापासून मोजावेत आणि संपूर्ण स्लॅबचे टेकू तोपर्यंत हलवू नयेत. आठवडाभरातही तो भाग खिळ्याने खरवडला जात असेल, तर मात्र आशा सोडून सळई न दुखवता तो काढावा लागेल. घट्ट झाला, तर 28 दिवसांनंतर रिबाउंड हॅमरने (ठोका देऊन पृष्ठभागाचा कठीणपणा मोजणाऱ्या उपकरणाने) त्या कोपऱ्याची आणि चांगल्या भागाची तुलना करून घ्यावी. दोहोंत ठळक फरक आढळला तर तपासणीसाठी कोअर (काँक्रीटचा कापलेला गोल तुकडा) काढायचा की नाही, हे स्ट्रक्चरल अभियंत्याने ठरवावे.

पुढच्या कामासाठी एवढे ध्यानात ठेवा की काँक्रीटच्या पाण्यात सेंद्रिय द्रव्याची मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे. पिंपात पेलाभर काकवी उरली तरी ती अनेक पटींनी ओलांडली जाते. पिंपाच्या पाण्याने आणि शुद्ध पाण्याने सिमेंटचे दोन नमुने करून पाहिले आणि त्यांच्या सेट होण्यात 30 मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला, तर ते पाणी नापास समजले जाते.

प्रश्न : बगॅसची (रस काढलेल्या उसाच्या चिपाडाची) राख काँक्रीटमध्ये घातली तर तीही रिटार्डरचे काम करते का?

उत्तर : नाही. बॉयलरमध्ये बगॅससोबत त्यातली साखरही जळून जाते. उरलेल्या राखेत सिलिका भरपूर असते आणि ती बारीक दळली तर फ्लाय ॲशसारखी चुन्याशी सावकाश क्रिया करते. सिमेंटचा काही भाग काढून राख घातली, की सुरुवातीची ताकद हळू वाढते, कारण सिमेंटच कमी झालेले असते. त्याला सेटिंग रोखणे म्हणत नाहीत. अर्धवट जळालेला कोळसा राखेत जास्त असेल तर पाण्याची गरज वाढते, म्हणून चाळून, दळून आणि जळण्यातली घट (राख पुन्हा तापवल्यावर कमी होणारे वजन) तपासूनच ती वापरावी.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याच्या दुरुस्तीसाठी आलेले कारागीर चुन्यात गूळ, हिरड्याचे पाणी आणि बेलफळाचा गर घालतात आणि त्यामुळे काम पक्के होते असे सांगतात. मग तोच गूळ सिमेंटला घातक कसा? — पुणे

उत्तर : कारागीर बरोबर आहेत आणि सिमेंटबद्दलचा इशाराही बरोबर आहे, कारण दोन्ही पदार्थ वेगवेगळ्या वाटांनी घट्ट होतात. विझवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो आणि या क्रियेला महिने, जाड भिंतीत तर वर्षेही लागतात. पोर्टलँड सिमेंटमध्ये पाण्याबरोबर पहिल्या काही तासांत जी क्रिया व्हायलाच हवी, तशी निकडीची क्रिया चुन्यात नसते. विटांची सुरखी (पूड) घातलेल्या चुन्यात पाण्याबरोबरचीही क्रिया होते, पण तीही संथ असते. त्यामुळे गुळाने अडवावे असे तिथे फारसे काही नसते.

गुळातली साखर चुन्याला पाण्यात अधिक विरघळू देते. चुन्याच्या घाणीत (दगडी चाकाच्या चक्कीत) मळलेला चुना त्यामुळे मऊ आणि लवचिक राहतो, कमी पाण्यात काम होते आणि सुकताना भेगा कमी पडतात. हिरड्यातले टॅनिन आणि बेलफळातला चिकट गर यांचेही काम याच जातीचे आहे. बेलाचा गर पाणी धरून ठेवतो, म्हणून दगड किंवा वीट चुन्यातला ओलावा एकदम शोषून घेत नाही. उडदाचे पाणी घालण्याची रीतही काही ठिकाणी आहे. या सगळ्या गोष्टी अनुभवाने ठरल्या, आणि त्या ठरल्या तेव्हा पोर्टलँड सिमेंट अस्तित्वात नव्हते. जोसेफ ॲस्पडिन याने त्याचे पेटंट इंग्लंडमध्ये 1824 साली घेतले.

तुमच्या कामात घोटाळा होण्याची एक जागा आहे आणि तिच्यावर नजर ठेवा. चुना लवकर आवळावा म्हणून काही ठेकेदार त्यात पाटीभर सिमेंट मिसळतात. गूळ घातलेल्या चुन्यात असे सिमेंट पडले, की त्या सिमेंटला पकड घेता येत नाही आणि चुन्याचा मऊपणाही हरवतो. साखरेचे प्रमाण तिथे 0.05 टक्क्यांच्या हिशेबात नसते, ते कितीतरी पटींनी जास्त असते. वाड्याचे काम चुन्यातच करायचे असेल तर ते शेवटपर्यंत चुन्यातच करावे. जुन्या दगडी भिंतीतला ओलावा बाहेर पडण्यासाठीही तेच हिताचे असते.

प्रश्न : रेडी-मिक्स काँक्रीटच्या प्लांटवर पिंपावर ‘लिग्नोसल्फोनेट’ असे लिहिलेले पाहिले. हा पदार्थ लाकडापासून येतो असे समजले. तो मळीपेक्षा विश्वासार्ह का मानला जातो?

उत्तर : तोही उपपदार्थच आहे. सल्फाइट पद्धतीने कागदाचा लगदा करताना लाकडातले लिग्निन विरघळून द्रावात येते आणि त्यापासून लिग्नोसल्फोनेट मिळते. काँक्रीटमध्ये त्याचा वापर 1930 च्या दशकापासून होत आला आहे. त्याचे मुख्य काम सिमेंटचे कण एकमेकांपासून सुटे ठेवून पाणी वाचवणे हे आहे, आणि त्याच्याबरोबर थोडा उशीरही होतो. या उशिराचा बराचसा वाटा पुन्हा साखरेचाच असतो, कारण लाकडातल्या शर्करा त्या द्रावात उरतात. फरक एवढाच की उत्पादक त्या शर्करांचे प्रमाण नियंत्रित करतो, घनपदार्थ, घनता, पीएच आणि क्लोराइड यांचे आकडे प्रत्येक बॅचबरोबर देतो आणि माल एकसारखा राहील याची जबाबदारी घेतो. मळीच्या बाबतीत ही जबाबदारी कोणीच घेत नाही, आणि मी मळीला नकार देतो तो तेवढ्याच कारणाने. ती ‘गावठी’ आहे म्हणून नव्हे. उद्या एखाद्याने साखर मोजून, प्रमाणित करून आणि 9103 च्या चाचण्यांतून पार पाडून मळीचे द्रावण बाजारात आणले, तर ते वापरायला माझी हरकत नसेल. द्राक्षांच्या वाइननिर्मितीत साचणाऱ्या गाळापासून मिळणारे टार्टारिक आम्लही याच मार्गाने रिटार्डर म्हणून मान्य झाले आहे.

भारतीय मानक 4926 प्रमाणे ट्रान्झिट मिक्सरमधला (काँक्रीट वाहून नेणाऱ्या फिरत्या ड्रमच्या गाडीतला) माल भरल्यापासून दोन तासांत रिकामा व्हावा लागतो आणि रिटार्डर असेल तर ही मुदत वाढवता येते. पुणे-मुंबईसारख्या शहरांत गाडी वाहतुकीत अडकते, तेव्हा ही सवलत कामाची ठरते. गाडी रस्त्यात कायमची बंद पडली, तर ड्रममध्ये साखर ओतून माल दगड होण्यापासून वाचवतात, हेही खरे आहे. पण तिथे वाचवायचा असतो तो ड्रम, आणि तो माल नंतर टाकूनच द्यावा लागतो.

प्रश्न : नव्या लाकडी फळ्यांचे सेंटरिंग काढल्यावर स्लॅबचा खालचा पृष्ठभाग काही ठिकाणी पिठासारखा सुटतो. सिमेंट निकृष्ट होते का?

उत्तर : तोच दोष सगळीकडे दिसत असता तर सिमेंटवर संशय घेता आला असता. काही फळ्यांखालीच तो दिसत असेल, तर दोष लाकडाचा आहे. ताज्या लाकडातली साखर आणि टॅनिन काँक्रीटच्या ओलाव्यात उतरतात आणि फळीला लागलेला पातळ थर सेट होऊ देत नाहीत. फळ्या उन्हात बराच काळ पडून राहिल्या असतील तर हा त्रास वाढतो. थर सहसा अगदी पातळ असतो. तो तारेच्या ब्रशने काढावा, खाली टणक काँक्रीट लागते याची खात्री करावी आणि मगच गिलावा करावा. नव्या फळ्यांना पहिल्या वापराआधी चुन्याच्या निवळीचा किंवा पातळ सिमेंटच्या रबडीचा हात द्यावा, तो सुकल्यावर खरवडून धुवावा आणि मग सेंटरिंगचे तेल लावावे.